जर्मनीतलं कार्ड, नांदेडातली तजवीज

माझ्या मुलीचं बँकेचं कार्ड जर्मनीत हरवलं आणि ते बंद करण्याचं काम मी नांदेडात बसून केलं. काम चोख झालं. इतकं चोख झालं की खुद्द बँकेलाही ते परत चालू करता आलं नाही. तरीही आमच्या घरात या कामगिरीचा उल्लेख कोणी आदराने करत नाही, म्हणून प्रकार जसा घडला तसा इथे मांडतो. दोष कुणाचा ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत रेकॉर्ड कीपर होतो. साहेब येतात, साहेब जातात, कागद राहतो. तो कागद मागितल्या मिनिटाला काढून देणारा माणूस म्हणजे मी. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक चिठोरं गहाळ झालं नाही. एकदा एका साहेबांना त्यांच्याच बदलीची ऑर्डर सापडेना, ती मी दहा मिनिटांत काढून पुढे ठेवली. ती त्यांना सापडायला नको होती, हे मला मागाहून कळलं. सांगायचा मुद्दा हा की हरवलेल्या वस्तूंच्या बाबतीत मी अडाणी माणूस नाही.

तर असा माणूस घरात जिवंत असताना, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी दीड वाजता बुद्धप्रियाचा मेसेज आला. बुद्धप्रिया म्हणजे आमची थोरली. जानेवारीपासून ती जर्मनीतल्या एका गावात नर्स आहे. त्या गावाचं नाव मला लिहिता येतं, म्हणता येत नाही. मेसेज असा होता: ‘पप्पा, बँकेचं कार्ड हरवलं. बहुतेक सकाळी बेकरीत राहिलं. आता ड्युटी आहे, फोन लॉकरमध्ये राहील. उद्या बेकरीत जाऊन बघते. तुम्ही काही करू नका.’

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. ‘तुम्ही काही करू नका’ हे वाक्य कचेरीत कोणी कोणाला म्हणालं तर त्याचा अर्थ ‘तुम्हाला जमणार नाही’ असा होतो. माझ्या सर्व्हिसमध्ये मला कोणी असं म्हणालं नव्हतं. ते ऐकायला पोटची पोर जर्मनीला पाठवावी लागली.

मी मेसेज पंचफुलाला वाचून दाखवला. पंचफुला म्हणजे माझी बायको. ती मेथी निवडत बसली होती. मला वाटलं ती कपाळावर हात मारेल. तिने मेथीची काडी मोडली आणि एवढंच विचारलं, “खायाला हाय का तिच्याजवळ?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे मी कबूल करतो. मग मी चौकशी केली. चौकशी म्हणजे कॅलेंडर आणि इंटरनेट. तेव्हा कळलं की तिकडे शुक्रवारपासून सोमवारपर्यंत ईस्टरचा सण. मधला शनिवार सोडला तर बाजार कडकडीत बंद, फार तर एखादी बेकरी दुपारपर्यंत उघडी, बँक चारही दिवस बंद. प्रियाला नेमकी या चार दिवसांची सुट्टी, म्हणजे दवाखान्याच्या कँटीनचा घास नाही. ती दर शनिवारी आठवड्याचं सामान भरते, म्हणजे गुरुवारी घरात खडखडाट. फोनवरून पैसे द्यायची सोय आहे, ती त्याच कार्डाला जोडलेली. आणि तिचं इथलं, भारतातलं कार्ड? ते सुरक्षित राहावं म्हणून जाताना मी तिच्याकडून मागून घेतलं होतं. ते माझ्या कपाटात, ‘बुद्धप्रिया - जर्मनी - संकीर्ण’ या फाईलमध्ये, पान अकरावर, पूर्णपणे सुरक्षित होतं.

मेथी तशीच राहिली. पंचफुला म्हणाली, “परदेशात लेकरू चार दिस उपाशी ऱ्हाईल. काय बी करा, पण करा.”

झालं! हुकूम मिळाला. दोन परस्परविरोधी आदेश आले तर वरिष्ठांचा पाळायचा असतो.

आमच्या भिंतीला भिंत लावून भीमाशंकर अप्पा राहतात. मूळचे देगलूरचे, रेल्वेत गार्ड होते. मधली भिंत साडेचार इंची असल्याने त्यांना काही वेगळं कळवावं लागत नाही. मी चप्पल घालेपर्यंत ते दारात हजर होते, मागे त्यांच्या पत्नी नागम्माबाई.

“साहेब, कार्ड आधी बंद करा,” अप्पा म्हणाले. “आधी बंद, मग नवं. रेल्वेचा नियम हाय. सिग्नल लाल केल्याबिगर रुळाला हात लावायचा न्हाई.”

“पण नवं लगेच मिळतं का?”

“मिळतं म्हंजे? माझं हरवलं होतं तवा आपल्या शाखेत गेलो, मॅनेजर वळखीचा, च्या पिऊस्तोवर नवं हातात. हे तर जर्मनीय! तिथं तर च्या बी पिऊ देत न्हाईत, इतक्या लवकर होतं.”

हे मला पटलं. जर्मन माणूस कामाला वाघ असतो असं मी ऐकून होतो. कार्ड बंद झाल्याबरोबर नवीन कार्ड घेऊन एक शिस्तीचा मनुष्य प्रियाच्या दारात उभा राहील, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मात्र अप्पांचं म्हणणं की कुठेही जा, पोलिसांचा कागद लागतोच. म्हणून आम्ही दोघं चौकीवर गेलो. तिथल्या हवालदाराने वही उघडली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि विचारलं, “कुठं हरवलं?”

“बेकरीत.”

“कोणत्या?”

“जर्मनीतल्या.”

हवालदाराने टोपण परत लावलं. “हद्द आमची न्हाई साहेब.”

“ते मलाही माहीत आहे. पण अर्जदार तुमच्या हद्दीत राहतो.”

“अर्जदार हरवलाय का?”

अप्पांनी मध्ये तोंड घातलं, “अहो, यांची लेक तिथं एकटीय, चार दिस बाजार बंद.” तेव्हा हवालदार जरा मऊ झाला. त्याने वही मिटली, आम्हाला पाणी पाजलं आणि म्हणाला, “माझी धाकटी पुण्याला हाय. तिचं असं कायतरी झालं की मी पोलीस असून बी मला काय सुचत न्हाई.” कागद मात्र त्याने दिला नाही.

घरी आल्यावर फाईल काढली. प्रियाच्या कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स माझ्याकडे होतीच. मागच्या बाजूला नंबर होता. कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानातून परदेशी फोनचं रिचार्ज मारून आणलं आणि नंबर फिरवला. पलीकडे एक बाई बोलू लागली. आवाज गोड, भाषा जर्मन. ती बाई नसून मशिन आहे हे समजायला मला सहा मिनिटं लागली. तोवर मी तिला नमस्कार, जयभीम, गुड आफ्टरनून, सगळं करून बसलो होतो. माझं बोलणं संपलं की ती पुन्हा पहिल्यापासून तेच सांगायची, शेवटी ‘बिट्टे’ म्हणायची.

“बिट्टे बिट्टे करायलीय,” अप्पा म्हणाले. “चिठ्ठी मागत असंल. मी म्हणलं न्हवतं, पोलिसाचा कागद लागतो?”

त्या ‘बिट्टे’वरून मला एकदम आठवलं. बिट्टे म्हणजे ‘कृपया’; प्रिया जायच्या आधी आठ महिने, सुट्टीला घरी आली की, हा शब्द घोकायची. ती जर्मन शिकली लातूरला, हरिओम जर्मन क्लासेसमध्ये. हरिओम सरांना मी लगेच फोन लावला. उत्तर आलं नाही. त्यांचा नियम असा की बॅच चालू असताना फोन घेत नाहीत, आणि बॅच पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत चालू असते. शिवाय महत्त्वाचं काम फोनवर होत नसतं, समक्षच जावं लागतं, हा माझा अनुभव. मी सकाळच्या पहिल्या एसटीने लातूरला जायचं ठरवलं.

झोपण्यापूर्वी प्रियाचा मेसेज आलेला दिसला: ‘कोटाच्या खिशात सुट्टे सापडले. उद्याचं भागेल. काळजी नको. काही करू नका ना पप्पा.’ या वेळी ‘ना’ होता. मी ‘बरं’ असं उत्तर पाठवलं. ‘बरं’चा अर्थ ‘वाचलं’ असा होतो, ‘मान्य’ असा होत नाही, हे कचेरीतल्या कोणालाही विचारा.

नांदेड-लातूर रस्त्याचं वर्णन करत नाही, कंबर अजून तक्रार करते. लोह्याला एक आजोबा टोपली घेऊन शेजारी येऊन बसले. मी मांडीवरची फाईल छातीशी धरली ती पाहून त्यांनी विचारलं, “कोर्टाचं काम हाय जणू?”

“न्हाई. मुलीचं कार्ड हरवलं.”

“राशनचं?”

“बँकेचं. ती जर्मनीला असते.”

आजोबा अहमदपूरपर्यंत विचार करत राहिले. मग म्हणाले, “मग तुम्ही लातूरला कशाला जायलात?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यांचा स्टॉप आला.

लातुरात ज्या विषयाचा क्लास नाही तो विषय जगात नाही असं समजावं. गुड फ्रायडेची सुट्टी साऱ्या देशाला होती, लातूरच्या क्लासला नव्हती. हरिओम जर्मन क्लासेस एका मेसच्या वरच्या मजल्यावर आहे. जिन्यात फोडणीचा वास आणि वरून साठ-सत्तर मुलींची एका सुरात जर्मन लिंगांची घोकणी, ‘देर, दी, दास! देर, दी, दास!’ सर पूर्वी फिजिक्स शिकवायचे. त्यांनी फळ्यावर आठवडी चाचणीचे मार्क आणि रँक लावले होते. प्रिया त्यांची दुसरी रँक होती, हे त्यांना माझं नाव सांगताच आठवलं.

“सर, तुम्ही जर्मनीला किती वर्षं होता?” मी बोलायला सुरुवात म्हणून विचारलं.

“गेलोच न्हाई कधी,” सर शांतपणे म्हणाले. “नीटच्या सरांना काय ऑपरेशन येतं का?”

मला माणूस आवडला. मी प्रकरण थोडक्यात सांगितलं. सरांनी बॅचला दहा मिनिटांचं रिव्हिजन दिलं आणि माझ्यासाठी एक कागद तयार केला. वर लिहिलं, ‘संभाव्य प्रश्नसंच’. खाली मशिन काय विचारेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, सगळं मराठी अक्षरांत.

“हे बघा,” ते म्हणाले, “मशिन लांबलचक बोलंल. समजून घ्यायच्या नादी लागू नका. समजून घेणारी पोरं मागं पडतात. पहिल्यांदा खात्याचा नंबर, तो बटनं दाबून टाका. मग जन्मतारीख. शेवटच्या प्रश्नात ‘श्पेरन’ हा शब्द येईल. श्पेरन म्हंजे कायमचं बंद. तिथं होकार द्यायचा. होकार म्हंजे ‘या’.”

“आणि नकार?”

“नाइन.”

“नाइन म्हणजे नऊ?”

“नऊ म्हंजे नॉइन. नऊ आणि नको यात घोळ करू नका. इथंच दोन मार्क जातात.” मग त्यांनी मला उभं करून सराव घेतला. मुली प्रश्न विचारत होत्या, मी उत्तर देत होतो. माझ्या ‘या’ला तर सरांनी दाद दिली. “उच्चार एकदम अस्सल,” ते म्हणाले. “पोरींनो, ऐका, सोनकांबळे साहेबांचा ‘या’ ऐका.” मला पुन्हा म्हणायला लावलं. साठाव्या वर्षी आपण एखाद्या गोष्टीत वर्गात पहिले आलो की फार बरं वाटतं.

निघताना सरांनी एक ताकीद दिली. “मशिन आता लई हुशार झालेत. खोलीत कुणी बी काय बी बोललं तर ते उत्तर समजतं. घरात एकदम खामोश पाहिजे.”

संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे तिकडे दीडच्या सुमारास, आमच्या बैठकीच्या खोलीत मी टेबलावर फोन ठेवला. डाव्या हाताला फाईल, उजव्या हाताला प्रश्नसंच. पंचफुला सोफ्यावर. अप्पा खुर्चीत, कारण त्यांना नको म्हणण्याची सोय नव्हती. मी सगळ्यांना स्पष्ट सूचना दिल्या: सर्व फोन बंद, पंखा बंद, कुकर बंद, काम संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. पंचफुलाने तोंडाला पदर लावला. अप्पांनी पानाचा तोबरा भरून घेतला, म्हणजे बोलायचा मोह नको.

फोन लागला. गोड बाई बोलली. मी खात्याचा नंबर दाबला, जन्मतारीख दाबली. बाई ‘दांके’ म्हणाली. दांके म्हणजे धन्यवाद, हे प्रश्नसंचात होतं. अप्पांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं, जसं एकतीस वर्षांत एकाही साहेबाने पाहिलं नव्हतं. मग बाई लांबलचक काहीतरी बोलू लागली आणि त्यात स्वच्छ, खणखणीत ‘श्पेरन’ आलं. बाई थांबली. आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. मी घसा साफ केला.

तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि दारात नागम्माबाई उभ्या राहिल्या, हातात त्यांचा मोबाईल, धापा टाकत. “अय्यो साहेब, थांबा! प्रियाचा फोन आलाय मला. तुमचा लागंना, ताईचा लागंना, म्हणून मला केला. कार्ड घावलं! बेकरीवालीनं गल्ल्यात जपून ठेवलं होतं!”

मला किती आनंद झाला ते काय सांगू! सगळा शीण उतरला. ‘नाइन’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, अगदी नऊपेक्षा वेगळा. पण नागम्माबाई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या. बाईमाणूस एवढी आनंदाची बातमी घेऊन दारात ताटकळत उभी, आणि आपण तिला आत बोलवायचं नाही? असे संस्कार आमच्यावर झालेले नाहीत. मी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणालो, “या, या, नागम्माबाई! या ना, आत या!”

“दांके,” बाई म्हणाली.

त्यानंतर ती दोन वाक्यं आणखी बोलली, त्यात एकदा ‘श्पेर्ट’ होतं, आणि फोन आपोआप बंद झाला. एवढ्या उत्साहाने होकार देणारं गिऱ्हाईक तिला त्या दिवशी दुसरं भेटलं नसावं. मी एकदा नाही, चार वेळा मान्यता दिली होती. खोलीत खामोशी मात्र तेव्हा पसरली, जेव्हा तिचा काही उपयोग उरला नव्हता. अप्पा उठले, बाहेर जाऊन थुंकून आले आणि म्हणाले, “बंद झालं का?”

“झालं.”

“मग आता नवं येईल की,” ते म्हणाले, पण आवाजात गार्डाचा दम नव्हता.

वीस मिनिटांनी प्रियाचा फोन आला. मागे लोकांचा आवाज येत होता. “पप्पा, मी बेकरीत उभीय. आताच कार्ड मिळालं म्हणून ब्रेड घ्यायला गेले, तर मशिन कार्ड बंद दाखवायलंय. कसं काय?”

मी उत्तर दिलं, आणि ते उत्तर पंचफुला अजूनही मला म्हणून दाखवते. मी म्हणालो, “सदर कार्ड आज रोजी कायमस्वरूपी बंद करण्यात आलेलं आहे.”

“कोणी केलं?”

“करण्यात आलं.”

मराठीत कर्मणी प्रयोग कशासाठी आहे हे व्याकरणाच्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. तो अशा प्रसंगांसाठी आहे. पण माझी पोरगी माझ्याच घरात वाढलेली. ती म्हणाली, “नवीन कार्ड पोस्टानं येतं पप्पा. पाच-सहा दिवस लागतात. त्याचा पिन नंबर वेगळ्या पाकिटात येतो, आणखी दोन दिवसांनी. सणात तर पोस्टच बंदय.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “सुट्टे सकाळीच संपले. मागं लाईन लागलीय. ब्रेड परत ठेवते. ठेवते फोन.”

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या कुठल्या शब्दात ते सांगता येत नाही. बेकरीत रांगेत उभं राहून, लोकांसमोर, घेतलेला ब्रेड परत ठेवणारी माझी मुलगी मला दिसत होती. इथे ती पंगतीत वाढून घेतलेलं अन्न कधी टाकायची नाही.

त्या संध्याकाळी पंचफुलाने भाकरी वाढली, मी ताटावरून उठलो. ती मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडणात माणसाचं थोडं तरी मन हलकं होतं. तिने माझी भाकरी झाकून ठेवली आणि स्वतःचीही झाकून ठेवली.

शनिवारी सल्ले सुरू झाले. नागम्माबाई म्हणाल्या, चिवडा करून स्पीड पोस्टाने टाका. पोस्टात विचारलं तर बारा दिवस. अप्पांना एक विचार सुचला, तो मात्र खरोखर चांगला होता. “साहेब, आपण नांदेडचे लोक. गावात लंगर चालू असताना कोणी उपाशी झोपलंय का कधी? जर्मनीत गुरुद्वारा असंलच की!” मी शोधलं. होता! रेल्वेने दोन तासांवर. तिकिटाला पुन्हा कार्ड. खिशातले सुट्टे तर शुक्रवारीच संपले होते. हे मी प्रियाला लिहून कळवलं. तिचं उत्तर आलं: ‘बरी आहे.’ रविवारी मी विचारलं, काय जेवलीस. उत्तर: ‘बरी आहे.’ एकाच मजकुराचं उत्तर दोनदा आलं तर समजावं की खातं आपल्याशी बोलायला तयार नाही. मी हा प्रकार कचेरीत शेकडो लोकांशी केलेला आहे. पलीकडून तो कसा वाटतो हे तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी तिने आपणहून व्हिडिओ कॉल केला. पंचफुलाने फोन माझ्या हातातून घेतला आणि पहिलं तिचं तोंड निरखून पाहिलं, बाजारात वांगं बघतात तसं. “गालफडं बसली न्हाईत,” ती म्हणाली. “काय खाल्लंस चार दिस? खरं सांग.”

“आई, खाली फ्राउ लेंगकडं जेवायलेय.”

फ्राउ लेंग म्हणजे लेंगबाई, प्रियाची घरमालकीण. ऐंशीच्या पुढची, एकटी, खालच्या मजल्यावर राहते. तीन महिन्यांत तिचा आणि प्रियाचा संबंध एवढाच की जिन्यात ‘हालो’, आणि एकदा दारावर चिठ्ठी चिकटवली होती, रविवारी कपड्यांचं मशिन लावू नये म्हणून. त्या चिठ्ठीची झेरॉक्स माझ्याकडे आहे.

“गेलीस कशी तू तिच्याकडं?” मी पंचफुलाच्या खांद्यावरून विचारलं. शुक्रवारनंतरचं आमचं हे पहिलं बोलणं होतं, म्हणून आवाज जरा खाकरून घेतला.

“शुक्रवारी संध्याकाळी गेले. थोडे पैसे उसने मागायचे होते. दार वाजवलं आणि लाज वाटायली, परत फिरणार होते. तेवढ्यात तिनं दार उघडलं आणि म्हणाली, ‘या?’”

पंचफुलाने वळून माझ्याकडे पाहिलं.

“मला माहीत होतं हो पप्पा, ती ‘काय पाहिजे’ म्हणून विचारायलीय. मी दुसरी रँकय लातूरची. पण तीन महिन्यांत मला दारात कुणी ‘या’ म्हणलं नव्हतं. तिनं म्हणलं आणि माझे पाय आपोआप आत गेले. मी जाऊन सरळ टेबलापाशी बसले. ती बघतच राहिली. मग मला रडूच आलं. मग तिनं काय विचारलं न्हाई, एक प्लेट आणली. उकडलेले बटाटे आणि मासा.”

“मीठ-मिरची?” पंचफुलाने विचारलं. डोळे पुसत असताना तिला हेच सुचलं.

“न्हाई गं काहीच. दुसऱ्या दिवशी मी उरलेले पोहे केले तिच्यासाठी. तिखट लागले तिला, नाक लाल झालं, पण दोनदा घेतले. मला फ्राउ झोनकांब्ले म्हणते.” मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “पप्पा, जेवलात का तुम्ही?” तेव्हा मला समजलं की मला माफी मिळाली. मी म्हणालो, “हाव, जेवलो,” आणि मग खरंच जेवायला बसलो.

नवीन कार्ड पुढच्या आठवड्यात आलं, पिनचं पाकीट त्यानंतर दोन दिवसांनी. मी दोन्हींच्या तारखा विचारून घेतल्या. प्रियाने दुकानातून आठवड्याचं सामान भरलं, त्याचा फोटो पाठवला. परवा सहज बोलताना मी विचारलं, “आता स्वयंपाक वर करतेस ना?”

ती जरा घुटमळली. “न्हाई. अजून खालीच जायलेय.”

“का? कार्ड आलं ना? त्यांना सांगितलंस का कार्ड आलं म्हणून?”

“न्हाई सांगितलं.”

“अगं, हे बरोबर न्हाई. त्या म्हाताऱ्या बाईला वाटत असेल पोरगी अजून अडचणीत हाय. खरी स्थिती कळवायला पाहिजे.”

“पप्पा,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी सामान घेऊन जाते, दोघी मिळून करतो. पण मी गेले की टेबलावर दोन प्लेटी आधीच मांडलेल्या असतात. ती म्हणायली, नवरा गेल्यापासून नऊ वर्षं एकच काढत होती. कार्ड आलं म्हणून सांगितलं तर म्हणंल, आता तुला गरज न्हाई.”

मी एकतीस वर्षांत कोणापासून माहिती दडवली नाही. मागणाऱ्याला कागद मिळालाच पाहिजे, मग तो त्याच्या गैरसोयीचा का असेना, हे माझं धोरण होतं आणि त्याचा मला अभिमान होता. पंचफुला चहाचा कप घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी दाराकडे पाहिलं, भिंतीपलीकडे अप्पांचा रेडिओ चालू आहे ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

“विचारलंच त्यांनी,” मी म्हणालो, “तर सांग, पोस्टात कुठंतरी गहाळ झालंय.”